चार बाय सहाचं बाथरूम आणि बहात्तर हजार रुपये

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला १९९४ साली उभी राहिलेली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, त्यात मुलगा, सून, दहावीतली नात आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या ७१ वर्षांच्या आजी. बाथरूम आणि संडास एकमेकांना लागून, पण वेगळे. बाथरूम आतून ४ बाय ६ फूट. खाली कोटा लादी, भिंतींना ४ फुटांपर्यंत ६ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स, त्यावर डिस्टेंपर. सगळं बिल्डरने दिलं तसंच. तीस वर्षांत फक्त नळ आणि गीझर बदलले होते.

पतपेढीतली मोडलेली ठेव आणि दिवाळीचा बोनस मिळून ७२,००० रुपये हातात होते. मनात यादी होती ती सात फुटांपर्यंत नवीन टाइल्स, शॉवर, चांगले नळ आणि आजींसाठी कमोड अशी.

अडचण

पावसाळ्यात खालच्या घरातल्या काकांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. सप्टेंबरात प्लास्टरचा पोळीएवढा तुकडा पडला आणि स्लॅबची गंजलेली सळई दिसू लागली. सोसायटीचं पत्र आलं. यादीतल्या एकाही गोष्टीने ही गळती थांबणार नव्हती, आणि गळती थांबवायला जे लागणार होतं ते काम झाल्यावर डोळ्यांना दिसणार नव्हतं. पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते.

मुलाने दोन ठेकेदारांकडून अंदाज घेतला. पहिल्याने सगळं फोडून नव्याने करायचे १,४५,००० सांगितले. दुसरा म्हणाला, "वहिनी, काही फोडायची गरज नाही. आहे त्या लादीवर केमिकल मारून वरून नवीन टाइल बसवतो. ४८,००० द्या, पाच दिवसांत मोकळे." आकडा खिशाला परवडणारा होता आणि घरातल्यांचा कल तिकडेच होता. हो म्हणण्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहायचं ठरलं. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आला.

गळती कुठून?

तपासणी नोव्हेंबरात केली. पावसात बाहेरच्या भिंतीची ओल आणि बाथरूमची गळती वेगळी काढता येत नाही.

बाथरूमच्या खाली पाणी जायला चार वाटा असतात: भिंतीतली नळाची लाइन, लादीचे सांधे, नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) आणि त्याला जोडलेला पाइप, आणि शेजारचा संडास. एकेक वाट बंद करत जायचं, हीच तपासणीची रीत. खालच्या काकांनी गळणाऱ्या जागेखाली स्टीलचं पातेलं ठेवलं आणि दर सहा तासांनी मापाने पाणी मोजलं.

पहिल्या दिवशी घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला. थेंब पडायचे तसेच पडत राहिले. नळाची लाइन फुटली असती तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर गळती हळूहळू मंदावली असती. दुसऱ्या दिवशी ट्रॅपच्या तोंडात कपड्याचा बोळा आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवून लादीवर दीड इंच पाणी साठवलं आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. चोवीस तासांत पाणी खुणेच्या थोडंच खाली गेलं, खालच्या पातेल्यात किंचित वाढ झाली. तिसऱ्या दिवशी बोळा काढून, लादी कोरडी ठेवून, पाच बादल्या पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतलं. तासाभरात पातेल्यातलं पाणी तिपटीने वाढलं. संडासात खाण्याचा लाल रंग मिसळलेलं पाणी टाकून तीन दिवस वाट पाहिली, खाली लाल काही उतरलं नाही. लादीखालच्या कोब्यातून (विटांचे तुकडे आणि मसाल्याच्या भरावातून) रंग झिरपायला वेळ लागतो, म्हणून ही चाचणी एका दिवसात गुंडाळू नये.

निष्कर्ष: मुख्य दोष ट्रॅप आणि पाइपाच्या सांध्यात, दुय्यम दोष लादीच्या सांध्यांत. तिथलं व्हाइट सिमेंट कधीच धुऊन गेलं होतं.

समोरचे पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय होता लादीचे सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा, पाणी न पिणारा मसाला) भरण्याचा. सात-आठ हजारांत काम झालं असतं. ज्यांची गळती फक्त सांध्यांतून आहे त्यांनी हेच करावं. इथे ट्रॅपचा दोष तसाच राहिला असता.

लादीवर लादीचा ४८,००० चा पर्याय चाचणीनंतर बादच झाला. ट्रॅपचा सांधा असतो लादीच्या फूटभर खाली, वर लावलेलं केमिकल तिथे पोचत नाही. शिवाय अ‍ॅडेसिव्ह आणि टाइल मिळून जमीन १२ ते १५ मिमी वर येते, उंबऱ्याची उंची तेवढी कमी होते आणि पाणी बेडरूमकडे यायला लागतं. भिंतीवर, ठणठणीत बसलेल्या टाइलवर नवीन टाइल लावणं चालतं. गळक्या जमिनीवर ते करणं म्हणजे जखमेवर कोरी पट्टी बांधणं.

सगळं फोडण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण ७३,००० कमी पडत होते. कर्ज काढायचं नाही हे घरात आधीच ठरलं होतं.

चौथा पर्याय गवंड्याशी बसून तयार झाला. जमीन पूर्ण काढायची, भिंतीच्या फक्त खालच्या २ फुटांच्या टाइल्स काढायच्या, वरच्या २ फुटांच्या जुन्या पांढऱ्या टाइल्स तशाच ठेवून त्यांचे सांधे नव्याने भरायचे, त्यावर रंग. सात फूट टाइल्सचा हट्ट सोडला. भिंतीचं १२२ चौरस फुटांचं काम त्यामुळे ३५ चौरस फुटांवर आलं. जमिनीचे २४ आणि भिंतीचे ३५ मिळून ५९, तुटफूट धरून ६५ चौरस फूट टाइल, तीही एकाच प्रकारची, ३०० बाय ३०० मिमीची मॅट.

शॉवरही सोडला. टाकी गच्चीवर, घर तिसऱ्या मजल्यावर. टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम सव्वापाच मीटर वर येत होता. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार (दाबाचं एकक), या हिशोबाने शॉवरला अर्धा बार दाब मिळाला असता. पाणी भिजवतं, पण धार लागत नाही. बूस्टर पंपाशिवाय तिथे शॉवर लावण्यात अर्थ नव्हता.

संडासाला हात लावला नाही, कारण तिथे गळती नव्हती आणि काम चालू असताना घराला आंघोळीची दुसरी जागाही हवी होती. आजींची सोय त्या वेळी कमोड खुर्चीवर भागवली.

ठेकेदार न घेता गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन वेगवेगळे रोजावर घेतले. ठेकेदाराचा वाटा वाचतो, पण मग माणसांची सांगड घरच्यांनाच घालावी लागते. सून घरीच शिवणकाम करते, त्यामुळे हे जमलं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हा मार्ग महागात पडतो.

अंदाजपत्रक ६३,५०० चं केलं आणि ८,५०० राखीव ठेवले. जुन्या बाथरूमची जमीन उघडताना बारा-तेरा टक्के बाजूला ठेवणं ही चैन नव्हे, आत काय निघेल ते बाहेरून दिसत नाही.

काम सुरू

तोडण्याआधी २ फुटांच्या रेषेवरच्या सांध्यात ग्राइंडरने खाच पाडून घेतली. ६ इंची टाइलच्या बरोबर चार ओळी खाली राहिल्या. खाच न पाडता छिन्नी-हातोडा चालवला की हादरा वरच्या ओळींत जातो आणि राखायच्या टाइल्स सैल होतात. तरीही वरच्या ७ टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजल्या. १९९४ ची ती दुधी छटा बाजारात मिळण्यासारखी नव्हती. बिगाऱ्यांना पहिल्याच तासाला सांगून ठेवलं होतं की खालच्या टाइल्स शक्य तितक्या अखंड काढा. त्यांतल्या १६ निघाल्या, पाण्यात भिजवून मागचा मसाला खरवडला आणि त्यांतल्याच ७ वर बसवल्या.

दुसऱ्या दिवशी खरा पेच उभा राहिला. ठरलं होतं की ट्रॅपभोवतीचा २ बाय २ फुटांचा कोबा काढायचा आणि बाकीचा ठेवायचा. उघडल्यावर विटांचे तुकडे काळे पडलेले, हातात घेतले की पाणी निथळत होतं, वास येत होता. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली दाबलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वर्षानुवर्षांचं पाणी त्या विटांत साठतं. वरून कितीही चांगलं कोटिंग मारलं तरी आतलं पाणी पुढे कित्येक महिने खाली उतरत राहतं आणि नवीन काम फसलं असंच वाटतं. गवंड्याचं मत सगळा कोबा काढण्याचं होतं, बिगारी नको म्हणत होते, कारण पोती जिन्याने उतरवायची होती. सगळा काढला. एकूण ६२ पोती डेब्रिज निघालं. राखीव पैशांतले ३,५०० तिथेच गेले.

उघड्या स्लॅबवर दोष समोरच दिसला. ट्रॅप जुन्या पद्धतीचा, त्याचा पाइपाशी सांधा सिमेंटने भरलेला आणि तो गोल तडकलेला. बाहेर डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या पाइपाला हा पाइप जिथे मिळतो ते तोंडही फुटलेलं होतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीच्या खर्चात आणि घरातली सभासदाच्या खर्चात येते. फोटो काढून त्याच दिवशी सोसायटीला लेखी कळवलं, बाहेरचं तोंड सोसायटीने बदललं. हेच तोंडी सांगून काम उरकलं असतं तर तो खर्च या ७२,००० मधूनच निघाला असता.

नवीन ट्रॅप पीव्हीसीचा, ५० मिमी पाणी धरून ठेवणारा. तेवढं पाणी आत नसेल तर गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रवाने) केले. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि खाली विटांचा भक्कम आधार. आधाराविना ठेवलेला पाइप कोब्याच्या वजनाने बसतो आणि सांधा पुन्हा उघडतो.

नळाची जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन गळत नव्हती. तरी खालच्या २ फुटांच्या पट्ट्यात भिंत उघडीच होती, म्हणून त्याच पट्ट्यातून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) नवीन लाइन घेतली. गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी पाइप चालत नाही, तो नरम पडतो. जुन्या जीआयला जोडताना पितळी आट्याचा जोड वापरला. प्लॅस्टिकचे आटे लोखंडावर आवळले की आज ना उद्या तडकतात. बंद करण्यापूर्वी सगळ्या पाइपांशेजारी मेजरिंग टेप धरून फोटो काढून ठेवले.

पाण्याची परीक्षा

स्लॅब ब्रशने घासून धुतला, भेगा भरल्या, भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यांत मसाल्याचा गोल वाटा, म्हणजे काटकोन बुजवणारी गोलाई, केला. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग ताणलं जाऊन फाटतं, वाट्यावर ते एकसंध बसतं. पृष्ठभाग ओलसर पण पाणी न साचलेला असताना दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग लावलं, पहिला हात उभा, पाच तासांनी दुसरा आडवा. खड्ड्याच्या बाजूंसकट ४४ चौरस फूट. पुढे कोब्यावर आणि भिंतीच्या २ फुटांवर पुन्हा तसेच दोन हात, ५९ चौरस फूट. दोन्ही मिळून १८ किलो माल लागला.

तीन दिवस वाळल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरलं. चोवीस तासांत पातळी १२ मिमी उतरली. बंद बाथरूममध्ये बाष्पीभवनाने एवढं जात नाही. गवंडी म्हणाला, "ताई, नवीन काम आहे, थोडं पितंच." सुनेने ऐकलं नाही. पाणी काढून कडा तपासल्या तेव्हा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे केसाएवढी फट सापडली. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. तिथे पाइप पॉलिश पेपरने खरखरीत केला, सॉल्व्हंट सिमेंट लावून ओलं असतानाच त्यावर कोरडी रेती भुरभुरली, म्हणजे मसाल्याला धरायला जागा मिळते. भोवताली न आकसणारा ग्राउट ठासून पुन्हा दोन हात मारले. दुसऱ्या परीक्षेत ४८ तासांत पातळी २ मिमी उतरली, खाली पातेलं कोरडं.

मग सुमारे २०० नव्या विटांचे तुकडे रात्रभर भिजवून कोबा भरला. मसाल्यात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. उतार ट्रॅपकडे, ६ फुटांत २२ मिमी, पाणसळ लावून तपासला. उतार कोब्यातच द्यायचा, टाइलखाली मसाला जाडबारीक करून नव्हे.

टाइल्स अ‍ॅडेसिव्हवर बसवल्या. २० किलोच्या पिशवीत ३ मिमी थराने साधारण ४८ चौरस फूट होतात, दोन पिशव्या लागल्या. ३ मिमी सांधे ठेवून इपॉक्सी ग्राउट भरलं. जुन्या-नव्या टाइल्सच्या रेषेवर एक काळजी घेतली: नवीन टाइलचं तोंड जुनीपेक्षा १ ते २ मिमी आत ठेवलं. कौलं जशी वरचं खालच्यावर येतात तसं. उलट झालं असतं तर त्या कडेवर पाणी थांबून मागे शिरलं असतं.

विजेचं काम सौंदर्याच्या यादीत नव्हतं, पण तेही टाळलं नाही. गीझरला १.५ चौरस मिमीची तीस वर्षांची वायर होती आणि अर्थिंगची तार बोर्डात नुसती लोंबत होती. ४ चौरस मिमीची नवी वायर, जोडलेली अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसवला. गीझर जुनाच ठेवला.

हिशोब

तोडफोड आणि डेब्रिज ८,५००. प्लंबरची मजुरी, ट्रॅप, पाइप, नळ मिळून १७,०००. सिमेंट, रेती, विटा ४,३००. कोटिंग ३,६००. गवंडी आणि बिगारी सहा दिवसांचे १३,२००. टाइल्स, अ‍ॅडेसिव्ह, ग्राउट ६,४००. वीज ६,२००. पीव्हीसीचं दार आणि कडप्प्याचा उंबरा ४,१००. रंग २,३००. खालच्या काकांच्या छताची दुरुस्ती ६,०००. एकूण ७१,६००.

अंदाजापेक्षा वाढलं ते तीन ठिकाणी: डेब्रिज ३,५००, गवंड्याचे दोन दिवस ४,४००, विटा आणि सिमेंट १,८००. राखीव रक्कम एवढ्याला पुरत नव्हती, म्हणून नळांच्या खर्चातून १,६०० कमी केले. नळ हा पुढे अर्ध्या तासात बदलता येणारा भाग आहे, ट्रॅप नाही. टाइल्सचा माल, नळ, दार आणि रंग, म्हणजे डोळ्यांना दिसणारं सगळं, १७,००० मध्ये बसलं. एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

परिणाम

गवंड्याचे कामाचे दिवस सहा, पण बाथरूम २१ दिवस बंद राहिलं. घरच्यांनी १२ धरले होते. वाळण्याचे आणि पाणी भरून ठेवण्याचे दिवस कोणीच मोजत नाही, आणि मग नेमकी त्यांच्यावरच कात्री चालते.

काकांना छत लगेच दुरुस्त हवं होतं. मुलाने त्यांना ओल वाळेपर्यंत थांबायची विनंती केली आणि ६,००० त्यांच्या हातात आधीच ठेवले. पैसे मिळाल्यावर ते थांबायला तयार झाले. अडीच महिन्यांनी स्लॅब कोरडा पडल्यावर सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मसाल्याने छत भरलं. पुढच्या पावसाळ्यात तिथे डाग आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मॅट टाइल जमिनीला योग्यच, आजींचा पाय सरकत नाही. भिंतीच्या पट्ट्यालाही तीच लावली ही चूक. तिच्यावर साबणाचा थर धरतो आणि दर आठवड्याला घासावं लागतं. भिंतीला त्याच मापाची ग्लॉसी घेतली असती तर खर्चात फरक पडला नसता.

नवीन सीपीव्हीसी लाइन टाकीच्या दाबावरच तपासली, तो दाब अर्धा-पाऊण बार. प्लंबरकडून हातपंप लावून ७ किलोच्या (सुमारे ७ बार) दाबावर तासभर धरायला हवी होती. अजून काही गळलेलं नाही, पण तपासणी अपुरी होती.

आजींसाठी स्टीलचा धरायचा दांडा शेवटच्या दिवशी सुचला. तो २ फूट ९ इंचांवर, कोटिंगच्या पट्ट्याच्या वर बसवला आणि भोकांत सिलिकॉन भरला, म्हणून निभावलं. आधी ठरवलं असतं तर ४ इंची भिंतीत त्या जागी काँक्रीट भरून घेता आलं असतं.

आणि संडास. आठ महिन्यांनी आजींना खुर्चीवरूनही उठणं जड जाऊ लागलं आणि कमोडसाठी संडास फोडावाच लागला. बिगारी, पोती, टेम्पो सगळं दुसऱ्यांदा. पैसे नव्हते, त्यामुळे तेव्हा न करण्याचा निर्णय बरोबरच होता. पण त्याच वेळी संडासाचा खर्च काढून, कमोड कुठे आणि कसा बसेल हे प्लंबरकडून कागदावर काढून घेतलं असतं, तर बाथरूमचं दार आतऐवजी बाहेर उघडणारं बसवलं नसतं. आता संडासाच्या दाराशी ते अडतं, आणि आजींना वॉकर घेऊन जाताना आधी बाथरूमचं दार कोणीतरी लोटून द्यावं लागतं.